शरीरघटन आणि शालेय संपादणूक

शरीराच्या वजनात मेद किती आणि स्नायू, हाडे, पाणी असा मेदविरहित भाग किती, या प्रमाणाला शरीरघटन म्हणतात. शाळकरी वयात या प्रमाणाचा अभ्यासातील प्रगतीशी संबंध आढळतो. मात्र तो सौम्य आणि गुंतागुंतीचा आहे, आणि ‘जाड मूल मंद’ या समजाला त्यातून कसलाही आधार मिळत नाही.

बहुतेक पाहण्या बीएमआयवर, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्यावर, थांबतात. एकोणिसाव्या शतकात बेल्जियन गणितज्ञ आदोल्फ केतले यांनी मांडलेले हे गुणोत्तर काढायला सोपे आहे, पण मेद व स्नायू यांतला भेद त्याला कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय मुलांविषयी नुसत्या वजनावरून काढलेले निष्कर्ष म्हणूनच जपून वाचावे लागतात.

स्थूलतेबाबत सर्वाधिक भरवशाची माहिती इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातून येते. तेथील ‘एव्हन’ अभ्यासातल्या सुमारे सहा हजार मुलांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. अकराव्या वर्षी स्थूल असलेल्या मुलींना ११, १३ व १६ या वयांतील परीक्षांत निरोगी वजनाच्या मुलींपेक्षा कमी गुण पडले होते. घरची परिस्थिती, बुद्ध्यांक आणि नैराश्याची लक्षणे हिशेबात धरल्यावरही फरक उरला. मुलग्यांत चित्र इतके स्पष्ट नव्हते. घोरण्यामुळे मोडणारी झोप, आजारपणातील गैरहजेरी आणि वर्गातील चिडवाचिडवी ही संभाव्य कारणे मानली जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका संशोधनात स्थूल विद्यार्थ्यांचे प्रमाणित चाचण्यांतील गुण इतरांइतकेच निघाले, पण शाळेत मिळालेल्या श्रेणी मात्र कमी होत्या. अशा वेळी आधी तपासायला हवी ती त्या मुलाकडे बघणारी वर्गाची नजर.

वजनापेक्षा तंदुरुस्ती महत्त्वाची असावी, असे अनेक प्रयोग सुचवतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन व सहकाऱ्यांनी ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांवर प्रयोग केला. शाळा सुटल्यावर नऊ महिने खेळ व व्यायाम करणाऱ्या गटाची लक्ष एकवटण्याची व विचलित न होण्याची क्षमता वाढली. गणित-वाचनाचे गुण मात्र व्यायामाने हमखास वाढतात, असे सिद्ध झालेले नाही.

भारतात प्रश्नाची दुसरी बाजू अधिक मोठी आहे. २०१६–१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले-मुली कृश आढळली, अतिवजन असलेली ५ टक्के, तर रक्तक्षय २८ टक्क्यांना होता. मेंदूच्या कामाला लोह लागते. ते कमी पडले की थकवा येतो, लक्ष टिकत नाही आणि मूल ‘आळशी’ ठरते. या कहाणीची सुरुवात जन्माआधीच होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या माता-पोषण अभ्यासात बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे बारीक, पण त्वचेखालचा मेद बराचसा राखून असलेली आढळली. गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व फार कमी असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी एकाग्रतेच्या व अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली. वजनकाट्यावर ही उणीव दिसत नाही.

आपल्याकडील प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचे रकाने असतात. ते भरताना मुलाचे वजन वर्गासमोर मोठ्याने वाचू नये, आणि मूल मागे पडत असेल तर शिक्षक-पालकांनी त्याची झोप, हिमोग्लोबिन आणि खेळाचा वेळ यांची आधी चौकशी करावी.