वळिवड्यातल्या बायकांचे नवरे कुठं होते?

गांधीनगरला कपडे खरेदीला आपण सगळेच जातो. सिंधी बांधव यायच्या आधी तिथं वळिवडे कॅम्प होता, १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. करवीरनं आसरा दिला, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण कॅम्पात बायका, पोरं, म्हातारी माणसं. मग कर्ते पुरुष कुठं होते?

त्यातल्या बऱ्याच जणांचा माग लंडनमध्ये हाईड पार्कसमोरच्या एका घरात लागतो. तिथं सिकोर्स्की संग्रहालय आहे. जनरल सिकोर्स्की १९४३ साली जिब्राल्टरला विमान अपघातात गेले, त्यांचा गणवेश तिथं ठेवलाय. सोबत पलटणींचे झेंडे, पदकं, कागदपत्रं. हे काही ब्रिटिश सरकारनं उभारलेलं नाही. घरी परतता न आलेल्या पोलिश लोकांनी स्वतः जमवलेलं आहे.

ही माणसं स्टालिननं १९४०-४१ मध्ये बायकापोरांसकट सायबेरियाकडं हाकललेली. १९४१ ला हिटलर रशियावर उलटला, तेव्हा सुटका झाली. जनरल अँडर्सनी त्यांचं सैन्य बांधलं आणि इराणमार्गे बाहेर काढलं. पुरुष इटलीच्या आघाडीवर गेले, काही कुटुंबं आपल्याकडं आली. माँटे कॅसिनोच्या डोंगरावर फेब्रुवारी १९४४ मध्ये भारतीय चौथी डिव्हिजन लढली होती. तोच मठ १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी घेतला. हजारावर पोलिश कबरी आहेत तिथं. (त्यांच्या व्होयतेक अस्वलाची गोष्ट फेसबुकवर सगळ्यांनी वाचलीय. माणसांची कुणी वाचत नाही.)

एवढं करून मिळालं काय? फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला बड्या तिघांनी पोलंडचा पूर्व भाग रशियाला देऊन टाकला. यातल्या कित्येकांची घरं नेमकी तिथलीच! १९४६ च्या लंडनमधल्या विजय संचलनात पोलिश सैन्य नव्हतं. फक्त काही वैमानिकांना बोलावणं आलं. बाकीच्यांना वगळलं म्हणून तेही गेले नाहीत. जिंकलेल्या लढाईतले हरलेले सैनिक, दुसरं काय म्हणायचं? पुढं वळिवड्यातल्या बऱ्याच बायका-मुलं या माणसांकडं ब्रिटनलाच गेली.

वळिवड्यात संग्रहालय व्हावं, अशी चर्चा आपल्याकडं अधूनमधून होते. झालं तर त्यातली एक भिंत या पुरुषांसाठी ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तुमच्या आजी-आजोबांकडं कॅम्पातला एखादा फोटो, भांडं, चिठ्ठी असेल तर भंगारात घालू नका. मला कळवा, मी येऊन फोटो काढून घेतो.