मद्यासक्ती व दांपत्य-उपचार

मद्यासक्त व्यक्ती आणि जोडीदार यांना एकत्र बसवून केलेले समुपदेशन. अमेरिकेत टिमोथी ओफॅरेल, बार्बरा मॅक्रेडी आदी मानसशास्त्रज्ञांनी ते विकसित केले. ‘आज पिणार नाही’ असा जोडीदारासमोर रोज करायचा करार हे ओफॅरेल-पद्धतीचे प्रमुख अंग.

मध्य प्रदेशातील धार-देवास भागात ही पद्धत जशीच्या तशी चालणे कठीण. धारच्या भिल्ल-भिलाला वस्त्यांत मोहाची दारू देवकार्यात व लग्नात लागतेच, आणि ती गाळण्यात अनेकदा बायकांचाही हात असतो. मग करार कोणी कोणाशी करायचा? मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्यांची सत्रे मध्येच तुटतात. एकत्र कुटुंबातली सून सासरच्यांसमोर तोंड उघडत नाही. मारहाण होत असेल तर संयुक्त बैठक धोक्याचीच; म्हणून आधी पत्नीशी एकांतात बोलणे अपरिहार्य.

दारू सुटली तरी मारहाण थांबतेच असे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित पण व्यावसायिक नसलेल्या समुपदेशकांनी मद्यपी पुरुषांना दिलेल्या उपचाराचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये (२०१७) आले. दारू सुटण्याचे प्रमाण वाढले, पत्नीवरील हिंसाचारात मात्र फरक दिसला नाही. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना १९८६) पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालवते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी : १४४४६.