मुतखडा आणि मिठाचे पाणी

मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे त्याला तिचे वर्णन नको, आणि ज्याने सोसली नाही त्याला ते सांगून कळायचे नाही. व्याधी फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला सातवा अध्याय तिलाच वाहिलेला आहे. औषधाने खडा हटला नाही तरच शस्त्र धरावे आणि तेही राजाची अनुज्ञा घेऊन, असे तेथे म्हटले आहे. कारण शस्त्राविना मृत्यू अटळ आणि शस्त्राने जगणे संशयाचे. खडा काढल्यावर रोग्याला ऊन पाण्याच्या द्रोणीत बसवावे, आणि बस्ती रक्ताने भरलीच तर चिकाच्या वृक्षांचा काढा नळीने आत सोडावा, असेही सुश्रुत सांगतो. शस्त्रक्रियेतले धुणे इतके जुने आहे.

पण आत सोडलेले सारेच पाणी बाहेर येते काय? हा प्रश्न ऐरणीवर यायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि तो आला खड्याच्या नव्हे, प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेतून. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ही ग्रंथी कापताना रक्त धुऊन नजर स्वच्छ राहावी म्हणून साधे शुद्ध पाणी सोडीत. १९४७ साली अमेरिकेत क्रीव्ही आणि वेब यांनी एका रोग्याच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. पाणी उघड्या शिरांवाटे रक्तात शिरले होते आणि तांबड्या पेशी फुगून फुटल्या होत्या!

मग ग्लायसीनचे द्रावण आले. पेशी वाचल्या, पण रक्त पातळ होण्याचे संकट टळले नाही. लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असणारे सोडियम १२० च्या आसपास उतरले की रोगी भ्रमतो, त्याला झटके येऊ शकतात. मिठाचे पाणी का नको? तर त्यातून वीज वाहते, आणि त्या काळी ग्रंथी कापीत ती विजेच्या तारेने.

खड्याला मात्र विजेचा चाकू लागत नाही. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतल्या लहानशा छिद्रातून मूत्रपिंडातला खडा काढण्याची वाट रूढ केली. येथे लिटरमागे ९ ग्रॅम मिठाचे, रक्ताशी जुळणारे पाणी चालते.

तरीही, वाचकहो, मीठ म्हणजे अभय नव्हे. अशा शस्त्रक्रियेत कित्येक लिटर पाणी खेळते. उंचावरून सोडलेले पाणी जोराने धावते, हे नीरेकाठच्या सारोळ्यातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पिशवी जितकी उंच, तितका मूत्रपिंडावर दाब अधिक, आणि तितके पाणी शिरांत शिरण्याची भीती अधिक. सोडियम फारसे ढळले नाही तरी पाण्याचा भार हृदयावर पडतो, फुप्फुसांत पाणी साचू शकते. ते गार असेल तर अंगाची ऊब उतरते. खड्यात जंतू असतील तर तेही पाण्याबरोबर रक्तात जातात आणि हुडहुडी भरते.

यावरचे उपाय साधे आहेत. पाणी कोमट करावे, पिशवी फार उंच टांगू नये, आत गेले किती आणि बाहेर आले किती हे मोजावे. तफावत वाढली किंवा वेळ लांबला, तर उरलेला खडा दुसऱ्या दिवसावर ठेवावा. घरच्यांनीही वडीलधाऱ्यांचे हृदयाचे दुखणे किंवा लघवीची जळजळ डॉक्टरांपासून लपवू नये. खडा थोडा मागे राहिला तर पुन्हा काढता येतो. माणूस पुन्हा आणता येत नाही.