स्वस्त रेडिओ आणि दूरचा आवाज

दिवसभर ज्या रेडिओवर जवळचीं एक-दोन केंद्रेंच ऐकूं येतात, त्याच रेडिओवर रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास शेंकडों मैलांवरचीं केंद्रें बोलूं लागतात. यंत्र तेंच असतें, बॅटरी तीच असते. बदललेलें असतें तें केवळ आकाश. हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. असें असूनही एका घरांतील लहानसा रेडिओ दूरचें केंद्र स्पष्ट ऐकवितो आणि शेजारच्या घरांतला त्याच किंमतीचा रेडिओ नुसता खरखरत राहतो. असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर स्वस्त रेडिओच्या शंभर वर्षांच्या इतिहासांत सांपडतें. आणि तें उत्तर केवळ यंत्रशास्त्राचें नाहीं.

प्रथम आकाशाची हकीकत पाहिली पाहिजे. १२ डिसेंबर १९०१ रोजीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेला बिनतारी संकेत आपण अटलांटिकपार न्यूफाउंडलंड येथें ऐकला, असें मार्कोनीनें जाहीर केलें. पृथ्वी वाटोळी आणि लहरी तर सरळ जाणाऱ्या; मग हें घडलें कसें? १९०२ सालीं अमेरिकेंत केनेली आणि इंग्लंडांत हेविसाइड यांनीं निरनिराळ्या रीतीनें एकच अनुमान मांडलें: वातावरणांत खूप उंचावर विद्युद्भारित हवेचा थर असून लहरी त्यावरून परत फिरतात. ॲपलटन यांनीं १९२४ सालीं हा थर प्रयोगानें दाखवून दिला व त्यांना १९४७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं याच विषयास आयुष्य वाहिलें. वरच्या वातावरणावरील त्यांचा ग्रंथ १९४७ सालीं प्रसिद्ध झाला आणि जगभर मान्यता पावला. दिवसा या थरांपैकीं सर्वांत खालचा थर मध्यम लहरींना गिळून टाकतो. सूर्य मावळला कीं तो विरतो, आणि लहरी वरच्या थरांपर्यंत जाऊन दूरदेशीं उतरतात.

सारांश, दूरचा आवाज दारापर्यंत आणून सोडण्याचें काम आकाश फुकट करितें. रेडिओला उरतात तीं कामें तीन: ती क्षीण लहर गोळा करणें, शेजारच्या प्रबळ केंद्रापासून ती निवडून काढणें, आणि मग तिला वाढवून कानापर्यंत पोंचविणें. स्वस्त रेडिओ करणाऱ्यास काटकसर करावीच लागते. ती या तिहींपैकीं कोठें केली, यावर त्या रेडिओची दूरदृष्टि, किंवा खरें म्हणजे दूरश्रुति, ठरते.

निवडीचा प्रश्न एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकानें १९१८ सालीं सोडविला. कोणत्याही केंद्राची लहर प्रथम एका ठराविक मधल्या कंपनसंख्येवर आणावयाची आणि तेथेंच ती गाळून वाढवावयाची, ही त्याची 'सुपरहेटरोडाइन' युक्ति. १९२३ सालीं त्याचें लग्न झालें तेव्हां त्यानें पत्नीला याच पद्धतीचा, हातांत धरून नेतां येईल असा रेडिओ भेट दिला. पण 'हातांत नेतां येईल' हें बोलण्यापुरतेंच होतें. व्हॉल्वच्या तारा तापविण्यास एक बॅटरी, त्यांना उच्च दाब पुरविण्यास दुसरी, आणि वर लहरी गोळा करणारें मोठें वेटोळें. असा रेडिओ भरलेल्या प्रवासी पेटीएवढा जड होई. तो उचलण्यास बळ लागे आणि विकत घेण्यास त्याहून अधिक बळ लागे.

दूरचें ऐकूं येणें ही केवळ हौस नव्हे, हें जगाला जर्मनींत दिसून आलें. तेथें ऑगस्ट १९३३ मध्यें बर्लिनच्या प्रदर्शनांत 'फोल्क्सएम्फेंगर', म्हणजे जनतेचा रेडिओ, मांडण्यांत आला. किंमत ७६ मार्क. त्याचें नांव व्हीई ३०१ असें होतें. हिटलर अधिकारावर आला तो ३० जानेवारीचा दिवस त्या आंकड्यांत गोंविलेला होता. १९३८ सालीं त्याहून लहान रेडिओ अवघ्या ३५ मार्कांस निघाला. या यंत्रांत सुपरहेटरोडाइन नव्हतें. एकाच मंडलावर लहर पकडावयाची व तीच पुन्हां मागें फिरवून वाढवावयाची, अशी त्यांची जुनी व स्वस्त रचना होती. जवळचें केंद्र त्यांवर मोठ्यानें ऐकूं येई. सरकारला हवें होतें तेंही तेवढेंच. दूरचीं केंद्रें मात्र एकमेकांत मिसळून जात.

तरीपण निसर्गापुढें सरकारचें चाललें नाहीं. बी. बी. सी.नें २७ सप्टेंबर १९३८ रोजीं जर्मन भाषेंत बातम्या देण्यास सुरुवात केली होती. बाहेर चांगली तार ताणली आणि रात्रीं कळ जपून फिरविली, तर त्या ७६ मार्कांच्या रेडिओवरही लंडन लागे. म्हणून महायुद्ध सुरू होतांच, सप्टेंबर १९३९ मध्यें, परकीय केंद्र ऐकणें हा गुन्हा ठरविण्यांत आला. ऐकणाऱ्यास तुरुंगवास, आणि ऐकलेली बातमी पसरविणाऱ्यास प्रसंगीं देहान्त शासन! तशी ताकीद देणारें कार्ड रेडिओच्या कळीला अडकविलेलें असे. तरीही उशीखालीं किंवा घोंगडीखालीं रेडिओ धरून लोक ऐकत राहिले. स्वस्त यंत्राची उणीव तेथें ऐकणाऱ्याच्या चिकाटीनें भरून काढली, आणि त्या चिकाटीची किंमत मार्कांत मोजण्यासारखी नव्हती.

खरोखर खिशांत मावणारा रेडिओ शक्य झाला तो ट्रान्झिस्टरमुळें. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं तो प्रथम चालवून दाखविला. शॉकली यांनीं त्याची पुढची सुधारलेली जात शोधिली. १८ ऑक्टोबर १९५४ रोजीं 'रीजन्सी टीआर-१' हा ट्रान्झिस्टरचा पहिला बाजारी रेडिओ जाहीर झाला. पांच इंच उंच, तीन इंच रुंद. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. ती पन्नासाच्या आंत ठेवण्यासाठीं त्यांत ट्रान्झिस्टर चारच घातले होते. रचना सुपरहेटरोडाइनची खरी. पण लहर गोळा करण्यास पेटींत जागा नाहीं आणि वाढविण्यास पुरेसें बळ नाहीं. शहरांतलें केंद्र त्यावर बरें ऐकूं येई, दूरच्या केंद्राविषयीं फारशी आशा बाळगण्यांत अर्थ नव्हता. पुढल्याच वर्षीं रेथिऑन कंपनीनें आठ ट्रान्झिस्टरांचा रेडिओ ७९ डॉलर ९५ सेंटांस काढला. तो खिशांत मावत नसे. परंतु पेटी मोठी असल्यानें त्यांत कर्णा मोठा आणि टॉर्चमधल्यासारखे मोठे सेल बसत. तीस डॉलर अधिक देणारास त्याचा मोबदला आवाजांत मिळे.

यानंतर जपान पुढें आला. पुढें 'सोनी' या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनीनें १९५७ सालीं टीआर-६३ हा सहा ट्रान्झिस्टरांचा रेडिओ काढला. अमेरिकेंत त्याची किंमत ३९ डॉलर ९५ सेंट होती. म्हणजे रीजन्सीहून दहा डॉलर कमी आणि ट्रान्झिस्टर दोन अधिक. त्यांतील नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुढें सर्वत्र रूढ झाली. गिऱ्हाइकांनीं मात्र यावरून भलताच बोध घेतला: ट्रान्झिस्टर जितके अधिक, तितका रेडिओ चांगला! दुकानदारीनें हा समज ओळखला. १९६० नंतरच्या दशकांत पेटीवर मोठाले आंकडे छापलेले, पण निम्मे ट्रान्झिस्टर कांहींच उपयोगाचें काम न करणारे रेडिओ बाजारांत आले. बडा घर पोकळ वासा, ही म्हण त्यांना तंतोतंत लागू पडे.

दूरश्रुतीचें मर्म आंकड्यांत नव्हतें. तें पेटीच्या आंत आडव्या बसविलेल्या एका काळ्या दांडींत होतें. ही दांडी फेराइट या चुंबकीय मृत्तिकेची असते. हॉलंडमध्यें फिलिप्सच्या प्रयोगशाळेंत स्नूक यांनीं महायुद्धाच्या काळांत या द्रव्याचा पाठपुरावा केला. त्यामुळें पूर्वीच्या मोठ्या वेटोळ्याचें काम बोटाएवढ्या दांडीवर गुंडाळलेली तार करूं लागली. मात्र दांडी जितकी लांब, तितकी ती लहर अधिक गोळा करिते. आणि खिशांतल्या रेडिओंत लांब दांडी मावत नाहीं. म्हणूनच १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें काढलेला 'सुपररेडिओ' दूरचें ऐकणाऱ्यांच्या गळ्यांतला ताईत झाला. दिसण्यांत तो अगदीं साधा होता. पण त्यांत सुमारें आठ इंचांची दांडी होती, निवडीपूर्वींच लहर वाढविणारी एक जादा पायरी होती आणि कर्णाही मोठा होता. पैसा दिखाव्यावर न खर्चतां गोळा करणें व निवडणें या दोन कामांवर खर्चिला होता, हेंच त्याचें रहस्य. अलीकडे चिनी बनावटीच्या लहान रेडिओंत ही निवड संगणकी चिप करिते. टेक्सन कंपनीच्या कांहीं स्वस्त रेडिओंवर ऐकावयाच्या पट्टीची रुंदी एका कळीनें कमी-अधिक करतां येते. तेथें निवड उत्तम असते, पण दांडी आंखूड असल्यानें गोळा करण्याची बाजू लंगडी राहते.

यावरून स्वस्त रेडिओ पारखण्याची रीत सहज निघते. पेटी मोठी असली तरी आंतली दांडी किती लांब आहे, हें विचारावें. रात्रीं एखादें प्रबळ केंद्र लावून त्याच्या शेजारचें क्षीण केंद्र वेगळें होतें कीं नाहीं, तें पाहावें. आंकडे दाखविणारा रेडिओ असेल, तर तो ९ किलोहर्ट्झच्या पायरीनें चालतो ना, याची खात्री करावी. कारण भारतांत केंद्रांमधलें अंतर ९ चें आहे, अमेरिकेंत १० चें. आणि रेडिओ जागच्या जागीं फिरवून पाहावा. दांडीचें टोंक केंद्राच्या दिशेस वळलें कीं तें केंद्र मंदावतें. नको असलेलें केंद्र असें बाजूस सारून त्याच कंपनसंख्येवरचें दुसरें ऐकतां येतें. या युक्तीला पैसा पडत नाहीं.

अंतर जिंकण्याचा दुसराही एक मार्ग आहे: ऐकणाऱ्याऐवजीं बोलणाऱ्यानें बळ वाढविणें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस नभोवाणी-केंद्र सुरू झालें तें दीड किलोवॅट शक्तीचें होतें. पुढें १८ मे १९८८ रोजीं आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपुराहून सुरू झाली, तेव्हां तेथील प्रक्षेपकाची शक्ति १,००० किलोवॅट होती. देशाच्या मध्यावरून निघालेला तो आवाज रात्रीं अगदीं साध्या रेडिओवरही फार दूरवर ऐकूं जाई. श्रोत्याच्या खिशाला जें झेपत नव्हतें, तें तेथें सरकारी तिजोरीनें उचललें होतें.

आज अडचण निराळीच आहे. घरोघरीं मोबाइलचे चार्जर, विजेचे नवे दिवे व इतर उपकरणें यांची खरखर मध्यम लहरींना झांकून टाकते, म्हणून बॅटरीवरचा रेडिओ गच्चीवर किंवा अंगणांत नेल्यावरच त्याचा खरा गुण कळतो. इकडे केंद्रेंही मिटत आहेत. ज्या जर्मनींत दूरचें ऐकणाऱ्यास तुरुंगांत टाकीत, तेथील 'डॉइचलंडफुंक' या सार्वजनिक वाहिनीनें ३१ डिसेंबर २०१५ रोजीं आपलें मध्यम लहरींवरील प्रक्षेपण आपण होऊन बंद केलें. त्या देशांत आतां हव्या त्या देशाची वार्ता उघडपणें ऐकतां येते. ती पोंचविण्यास मध्यम लहरींची गरज उरली नाहीं, इतकेंच. परंतु तारेवांचून, वर्गणीवांचून आणि कोणाच्या नोंदवहींत नांव न लागतां दूरचा आवाज घरांत आणणारें साधन म्हणून स्वस्त रेडिओची बरोबरी करणारें दुसरें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं. कोण ऐकत आहे, हें केंद्राला कधींच कळत नाहीं. जर्मनींतल्या त्या रात्रीं कित्येकांचे प्राण वांचले ते याच गुणामुळें.