नव्या कातडीची परांची

चटका बसला, थोडे भाजले, तर कातडी आपोआप भरून येते. पण निम्म्याहून अधिक अंग भाजले तर? कातडी म्हणजे शरीराचे कुंपण. ते मोडले की आतले पाणी पाझरून जाते आणि बाहेरचे रोगजंतू आत शिरतात.

रोग्याचीच चांगली कातडी जखमेवर लावण्याची विद्या जुनी आहे. इंग्रजी फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्याकडच्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे केले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. पण जिथे चांगली कातडीच पुरेशी उरली नाही, तिथे ही विद्या काय करणार?

अमेरिकेतल्या बोस्टन शहरी जॉन बर्क हे शल्यवैद्य आणि इयोनिस यानास हे शास्त्रज्ञ १९६९ पासून या प्रश्नामागे लागले. त्यांनी गुरांच्या कातड्यातले कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन घेतले, त्यात शार्क माशाच्या कूर्चेतला एक पदार्थ मिसळला आणि स्पंजासारखा सच्छिद्र थर बनवला. वर सिलिकोन रबराचा पातळ पडदा लावला. कुंपणाचे काम तो पडदा करी.

गंमत अशी, की गिनीपिगवर प्रयोग केले तेव्हा जखम लवकर मिटायची ती उलट उशिरा आकसू लागली. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता. यानासांनी नीट पाहिले. जखम आकसते म्हणून तर वण पडतो, मान छातीकडे ओढली जाते, बोटे वाकडी होतात. इथे मात्र वणाऐवजी खालच्या थराची नवी कातडी धरत होती!

घर बांधताना गवंडी परांची बांधतो ना, तसेच हे. शरीरातल्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्या छिद्रांत शिरतात, कातडी उभारतात, आणि परांची हळूहळू विरघळून जाते. दोन-तीन आठवड्यांनी रबराचा पडदा सोलून काढतात आणि रोग्याच्याच कातडीचा अगदी पातळ पापुद्रा वर लावतात. पापुद्रा पातळ, म्हणून जिथून काढला ती जागाही लवकर भरते.

१९८१ साली या दोघांनी दहा रोग्यांवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांचे ५० ते ९५ टक्के अंग भाजलेले होते. १९९६ साली अमेरिकन सरकारने या उपचाराला मान्यता दिली.

या नव्या कातडीला केस येत नाहीत, घामही सुटत नाही. तेवढे काम अजून बाकी आहे. पण माणसाने परांची नीट बांधून दिली, तर घर शरीरच बांधते, एवढे मात्र सिद्ध झाले.