अर्धवट राहिलेला डाव

आम्ही विश्रांतवाडीहून बोलतो आहोत.

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात शिरण्याआधी आमच्या विश्रांतवाडीवरून जाते. त्या दिवशी आम्ही गटातल्या बायका वारकऱ्यांना चहा देतो. चहाची पातेली रिकामी झाली, दिंड्या पुढे गेल्या आणि गप्पा निघाल्या. आमच्यातली एक हळूच म्हणाली, “मी शाळेत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत बुद्धिबळ खेळले होते.” पुढे लग्न झालं, मुलं झाली, मग सासूबाईंचं आजारपण आलं. आता तिचं वय ५६. नातवाला शिकवता शिकवता हात पुन्हा वळू लागलाय. स्पर्धेत उतरावं असं मनात येतं, पण घरात एकानं विचारलं, “आता या वयात काय?”

तिला उत्तर द्यायचं म्हणून आम्ही थोडा इतिहास चाळला. तोच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातून करू. महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली झाली आणि ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या या कन्या. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही हे विजेतेपद पुन:पुन्हा मिळवलं. १९७६ साली १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मुलगी पुरुषांत कशी खेळणार, असा वाद. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निकाल रोहिणीच्या बाजूनं लागला. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही सांगितलं, की केवळ बाई आहे म्हणून कुणालाही स्पर्धेतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. त्यानंतर सांगलीच्या भाग्यश्री साठे, म्हणजे लग्नानंतरच्या भाग्यश्री ठिपसे, यांनी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

म्हणजे बाईसाठी दार उघडायला भांडावं लागलं. पण उघडलेल्या दारातून बाहेर पडलेली बाई पुन्हा आत येऊ शकते का?

याचं उत्तर आंध्र प्रदेशच्या कोनेरू हंपी यांच्याकडे आहे. वयाच्या १५ व्या वर्षी, २००२ साली त्या ग्रँडमास्टर झाल्या. २०१७ मध्ये मुलगी झाली आणि त्या काळात सुमारे दोन वर्षं त्या स्पर्धांपासून लांब राहिल्या. २०१८ मध्ये जॉर्जिया देशातल्या बातुमी गावी ऑलिंपियाडमध्ये त्या परत पटावर बसल्या. लगेच २०१९ मध्ये मॉस्कोत जलद बुद्धिबळात जगज्जेत्या झाल्या आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कला तेच पद पुन्हा मिळवलं. २०२५ मध्ये महिला विश्वचषकाची अंतिम फेरी याच बातुमीत झाली. एका बाजूला ३८ वर्षांच्या हंपी, दुसऱ्या बाजूला बरोबर निम्म्या वयाची, १९ वर्षांची आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. दिव्या जिंकली. पण आठ वर्षांच्या मुलीची आई तिथवर पोचली होती, हेही आपण लक्षात ठेवायला हवं.

कुणी म्हणेल, ३८ म्हणजे काही म्हातारपण नव्हे. खरं आहे. म्हणून जॉर्जियाच्याच नोना गाप्रिंदाश्विली यांच्याबद्दल ऐका. त्या देशात पूर्वी नवरीला सासरी पाठवताना बुद्धिबळाचा पट देत, असं सांगतात. आपल्या रुखवतात कधी पट पाहिलाय का? नोनाबाई १९६२ मध्ये जगज्जेत्या झाल्या आणि १६ वर्षं तो मान त्यांच्याकडे राहिला. १९७८ मध्ये १७ वर्षांच्या मुलीनं त्यांना हरवलं. तिथं त्यांनी पट गुंडाळला नाही. १९९५ मध्ये, ५४ व्या वर्षी, त्या ज्येष्ठ महिलांच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या आल्या. पुढचं ज्येष्ठ विजेतेपद मिळालं २००९ मध्ये, म्हणजे मध्ये १४ वर्षं गेली. आणि २०२२ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी ते पुन्हा जिंकलं. आज या जागतिक स्पर्धेत ५० वर्षांवरील आणि ६५ वर्षांवरील असे दोन गट आहेत, दोन्हींत महिलांची वेगळी विजेती ठरते.

आता कामाच्या गोष्टी. खूप वर्षांनी परतणाऱ्या बाईला काही नव्यानं शिकावं लागतं. घरच्या देशी खेळात प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं, स्पर्धेत ते पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. मोहऱ्याला हात लावला की तोच चालवावा लागतो. शेजारी घड्याळ असतं. पूर्वी लांबलेला डाव थांबवत, पुढची चाल लिहून लखोट्यात बंद करत आणि दुसऱ्या दिवशी तो लखोटा उघडून डाव पुढे नेत. कॉम्प्युटर आल्यावर ही पद्धत गेली. आता डाव एका बैठकीतच संपवायचा. त्यामुळे दोन-तीन तास बसायची सवय आधी करावी लागते.

एक गोष्ट मात्र जुन्या खेळाडूच्या सोयीची आहे. जागतिक यादीत एकदा रेटिंग लागलं आणि मग वर्षभर खेळ झाला नाही, तर नावापुढे ‘निष्क्रिय’ अशी खूण होते. आकडा पुसत नाहीत. एक अधिकृत डाव खेळलं की ती खूण निघते. ज्यांना कधीच रेटिंग नव्हतं, त्यांनाही खुल्या स्पर्धेत उतरता येतं.

हे सगळं आम्ही आमच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती आधी काही बोलली नाही. परवा तिनं फॉर्म भरला. जन्मसाल लिहिताना हात थोडा थबकला, मग लिहिलं. पहिल्या फेरीत ती कदाचित दहा वर्षांच्या पोराकडून हरेल. तेही चालेल, म्हणते.

तुमच्याही घरात माळ्यावर जुना पट असेल, तर खाली काढा. एखादं प्यादं हरवलं असेल, तर त्या जागी बटण ठेवा. तेवढ्यानं खेळ अडत नाही.