बाउहाउस: चौदा अंक आणि एक रिकामे वर्ष

कॉलेजचा वार्षिक अंक हातात पडतो, चाळला जातो आणि यथावकाश रद्दीत जातो. इतिहासाच्या साधनांत त्याची गणती सहसा होत नाही. मला मात्र त्यातल्या कथा-कवितांइतकीच मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका ही पाने बोलकी वाटतात. संपादक म्हणून कोणाचे नाव छापले, कोणाचा मजकूर आधी लागला, मुखपृष्ठ कोणी केले आणि अंकावर तारीख कोणती पडली, एवढे नीट पाहिले तरी त्या संस्थेत त्या क्षणी बोलण्याचा अधिकार कोणाकडे होता याचा माग काढता येतो. ही रीत कितपत पुरते, हे जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या नियतकालिकावर तपासून पाहू. तिथे साधने भरपूर आहेत, आणि नेमक्या कळीच्या जागी ती तुटतात.

आधी साधनांची मोजदाद. वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ साली वायमारमध्ये बाउहाउस सुरू केले. १९२५ साली ते डेसाऊला आले. तिथल्या नव्या इमारतीचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२६ रोजी झाले आणि त्याच निमित्ताने 'बाउहाउस' या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. शेवटचा अंक डिसेंबर १९३१चा. नियतकालिक त्रैमासिक म्हणून जाहीर झाले होते, म्हणजे पाच वर्षांत वीसेक अंक व्हायला हवे होते. निघाले चौदा. पहिल्या वर्षाचे चार, १९२८चे तीन (त्यांतला एक जोडअंक), १९२९चे चार, १९३१चे तीन. १९३० सालचा एकही नाही. हे सगळे अंक २०१९ साली लार्स म्युलर प्रकाशनाने बर्लिनच्या बाउहाउस संग्रहाच्या सहकार्याने प्रतिकृतीच्या रूपात पुन्हा छापले. त्यामुळे ते आता सलग, क्रमाने पाहता येतात. एखादे गाजलेले मुखपृष्ठ कलेतिहासाच्या पुस्तकात सुटे पाहणे आणि ते अंकांच्या रांगेत आपल्या जागी पाहणे, यांत मोठा फरक पडतो.

पहिल्या वर्षीचे अंक आकाराने मोठे, सुमारे ४२ बाय २९.७ सेंटिमीटरचे. १९२८पासून अंक बरोबर निम्म्यावर आला, २१ बाय २९.७. म्हणजे आज आपल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असतो तो ए-फोर. कागदाचे हे प्रमाणित आकार जर्मनीत १९२२ साली ठरले आणि त्यामागचा माणूस वाल्टर पोर्स्टमान. याच पोर्स्टमान यांनी १९२०च्या आपल्या पुस्तकात लेखनातून कॅपिटल अक्षरे काढून टाकावीत असे मांडले होते. देवनागरीत वाढलेल्या आपल्याला त्यातले धाडस चटकन जाणवत नाही. जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटल अक्षराने सुरू होते. ही रीत मोडणे म्हणजे शाळेत शिकवलेले व्याकरणच मोडणे. बाउहाउसने १९२५पासून नेमके तेच केले. शाळेच्या पत्रकागदावर तळाशी त्याचा खुलासाही छापलेला असे: एकाच लिपीत काम भागत असताना दोन कशाला, वेळही वाचतो. तेव्हा कागदाचा आकार आणि अक्षरांचे वळण या दोन्ही गोष्टी एकाच विचारातून आल्या, एवढे कागदपत्रांवरून नक्की म्हणता येते. आकार निम्मा करण्यामागे टपालखर्च होता की कपाटात नीट बसण्याची सोय, हा मात्र अंदाजाचा भाग.

आता १९२८चा पहिला अंक. मुखपृष्ठ हर्बर्ट बायर यांचे. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. १९२५पासून मुद्रण आणि जाहिरात कार्यशाळेचे प्रमुख. चित्र काळ्या-पांढऱ्या छायाचित्राचे आहे. घडी घातलेला 'बाउहाउस'चाच एक अंक, त्यावर एक पेन्सिल, एक पारदर्शक गुण्या, आणि शेजारी गोल, शंकू व घन. बाजूने प्रकाश टाकलेला आहे, त्यामुळे वस्तूंइतक्याच त्यांच्या सावल्याही चित्रात जागा घेतात. नियतकालिकाचे नाव वेगळे खिळे जुळवून छायाचित्रावर छापलेले नाही. ते आतल्या घडी घातलेल्या अंकावर आहे आणि इतर वस्तूंबरोबर कॅमेऱ्यातूनच आले आहे. मुखपृष्ठाचे एरवीचे दोन थर, खाली चित्र आणि वर शीर्षक, इथे एक झाले आहेत. रचना टेबलावर वस्तू मांडून झाली. ड्रॉइंग बोर्डावर काही काढलेले नाही. मुद्रणकलेच्या इतिहासकारांनी हे आधीच टिपले आहे.

त्यांनी फारसे न बोललेली गोष्ट अनुक्रमणिकेत आहे. याच अंकात लास्लो मोहोली-नॉज यांचा लेख आहे, छायाचित्रण म्हणजे प्रकाशाने केलेली घडण या विषयावर. आणि खुद्द बायर यांचा लेख आहे अक्षरजुळणी आणि जाहिरात-रचनेवर. आता मुखपृष्ठ पुन्हा पाहावे. प्रकाश आणि अक्षर, या दोनच गोष्टींनी ते घडलेले आहे. आत जे दोन लेखांत मांडले, तेच बाहेर एका पानात करून दाखवले आहे. मुखपृष्ठ करताना बायर यांच्यासमोर मोहोली-नॉज यांचा लेख होता, असा पुरावा माझ्यापाशी नाही. पण त्या वेळी ग्रोपियस आणि मोहोली-नॉज हेच नियतकालिकाचे संपादक होते, आणि बायर हा त्यांचा रोजचा सहकारी. लेख आणि मुखपृष्ठ एकमेकांच्या माहितीत तयार झाले, हा अंदाज मला भक्कम वाटतो.

आणखी एक तारीख इथे जोडून ठेवली पाहिजे. बाउहाउसमध्ये छायाचित्रणाचा स्वतंत्र वर्ग १९२९ साली, वाल्टर पेटरहान्स यांच्या हाताखाली सुरू झाला. म्हणजे शाळेचे सर्वांत गाजलेले छायाचित्र-मुखपृष्ठ निघाले तेव्हा शाळेत छायाचित्रण हा विषयच नव्हता. नियतकालिक अभ्यासक्रमाच्या पुढे होते. आपल्या अनेक महाविद्यालयांच्या जुन्या अंकांतही हे सापडेल अशी मला खात्री वाटते. विषय वर्गात यायच्या आधी तो अंकाच्या पानांवर येतो.

हा अंक फेब्रुवारी १९२८चा, आणि इथे महिन्याला महत्त्व आहे. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ग्रोपियस यांचा राजीनामा जाहीर झाला. पाठोपाठ मोहोली-नॉज, बायर आणि मार्सेल ब्रॉयर हेही निघाले. १ एप्रिलपासून हान्नेस मायर संचालक झाले. त्यामुळे ते मुखपृष्ठ म्हणजे जाणाऱ्यांनी केलेली निरवानिरव होती, असे म्हणण्याचा मोह होतो. गोल, शंकू, घन ही शाळेच्या पायाभूत शिक्षणातली रूपे, बरोबर हत्यारे आणि स्वतःचाच अंक. जणू सामान बांधून टेबलावर ठेवलेले. पण हा मोह आवरला पाहिजे. अंकाची जुळणी, ठसे आणि छपाई यांना लागणारा वेळ धरला तर छायाचित्र राजीनाम्याच्या घोषणेच्या आधीचे असण्याचीच शक्यता अधिक. आतल्या गोटातल्यांना आधी कल्पना असेल, हे शक्य आहे. मुखपृष्ठावरून ते सिद्ध होत नाही.

सत्तांतर सिद्ध होते ते पुढच्या, म्हणजे १९२८च्या दुसऱ्या-तिसऱ्या जोडअंकाच्या अनुक्रमणिकेत. संपादनाची सूत्रे आता मायर आणि एर्न्स्ट कालाई यांच्याकडे. लेखकांत क्ले, कँडिन्स्की आणि योसेफ आल्बर्स आहेत, तिघेही अध्यापनाविषयी लिहिणारे, आणि तिघेही शाळेत राहिलेले. गेलेल्यांच्या जागा राहिलेल्यांनी भरल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या अंकात विद्यार्थ्यांच्या मुलाखती आहेत. प्रश्न विचारून उत्तरे छापली आहेत, आणि उत्तरे देणाऱ्यांत पुढे नावारूपाला आलेला माक्स बिल आहे. प्राध्यापकांच्या लेखांशेजारी विद्यार्थ्याला नावानिशी जागा मिळणे ही नव्या संचालकांच्या धोरणाची खूण मानावी का? पुढच्या चौथ्या अंकात मायर यांनी बांधकामावर लिहिलेला प्रसिद्ध जाहीरनामा आहे, आणि पुढच्या दोन वर्षांतला त्यांचा कारभारही त्याच दिशेचा आहे. म्हणून मी होय म्हणेन.

मग १९३०. रिकामे वर्ष. १ ऑगस्ट १९३० रोजी डेसाऊच्या महापौरांनी मायर यांना बडतर्फ केले. मायर यांनी आपली बाजू उघड पत्राच्या रूपाने मांडली, पण ते छापले बर्लिनच्या 'टागेबुख' या साप्ताहिकाने, त्याच महिन्यात. शाळेच्या नियतकालिकात त्यांच्या बडतर्फीबद्दल ओळ नाही, कारण त्या वर्षी अंकच नाही. बडतर्फीमुळे नियतकालिक बंद पडले असा निष्कर्ष सहज निघेल, पण तो तारखांवर टिकत नाही. जानेवारी ते जुलै हे सात महिनेही कोरेच आहेत, आणि तेव्हा मायर खुर्चीवर होते. खंड वादाच्या आधी पडला. कालाई यांच्या संपादनाचा काळ १९२९च्या अंकांबरोबर संपला, हे त्याचे अधिक जवळचे कारण असावे.

या कोऱ्या वर्षात 'बाउहाउस' नावाचे काहीतरी निघत मात्र होते. शाळेतल्या कम्युनिस्ट विद्यार्थी गटाने मे १९३०मध्ये स्वतःचे पत्र सुरू केले, टंकलिखित आणि हाताने प्रती काढलेले. नाव तेच, 'बाउहाउस'. खाली 'विद्यार्थ्यांचे मुखपत्र' अशा अर्थाची ओळ. नामांकित मुद्रण कार्यशाळेच्या छताखाली हे विद्यार्थी टाइपरायटर वापरत होते, कारण छापखाना शाळेचा होता आणि पत्र त्यांचे होते. लेखांखाली सहसा नावे नसत. दोन वर्षांपूर्वी ज्या अनुक्रमणिकेत विद्यार्थी नावानिशी आला होता, तिच्याशेजारी हे निनावी पान ठेवून पाहावे. मायर यांच्या जागी आलेले संचालक मिस व्हान डर रोअ यांनी सप्टेंबर १९३०मध्ये शाळा तात्पुरती बंद करून सगळ्या विद्यार्थ्यांना नव्याने प्रवेश घ्यायला लावला, हे लक्षात घेतले की नाव न छापण्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. तरीही मेची तारीख विसरता कामा नये. हे पत्र बडतर्फीच्या निषेधातून जन्मले असे म्हणता येणार नाही; बडतर्फीच्या तीन महिने आधीच ते उभे होते.

आणि शीर्षक? तेही कॅपिटलशिवाय. संचालकांशी भांडणाऱ्यांनी संस्थेची अक्षरे सोडली नाहीत. ती त्यांना आपली वाटत असावीत, की टाइपरायटरवर कॅपिटलची कळ न दाबणे सोयीचे होते? पत्रकागदावर छापलेले वेळ वाचण्याचे कारण इथे खरोखरच लागू पडते. दोन्ही कारणे एकत्र असायलाही हरकत नाही.

१९३१ साली अधिकृत नियतकालिक परतले. आता हिल्बर्सायमर, आल्बर्स आणि कँडिन्स्की या शाळेतल्याच शिक्षकांकडे संपादन होते. डिसेंबरचा शेवटचा अंक शाळा सोडून ड्युसेलडॉर्फला गेलेल्या पॉल क्ले यांना वाहिलेला होता, आणि त्यात कँडिन्स्की यांनी आपल्या मित्राबद्दल लिहिले. त्यानंतर अधिकृत अंक निघाला नाही. विद्यार्थ्यांची टंकलिखित पाने मात्र १९३२मध्येही निघत राहिली. डेसाऊची शाळा ३० सप्टेंबर १९३२ रोजी बंद झाली, त्या वर्षी 'बाउहाउस' हे नाव माथ्यावर छापणारे शाळेतले नियतकालिक तेवढे एकच होते.